बोटांखालचा हुंकार

कीर्तनाची गोडी एकदा लागली की ती कानांच्या भरवशावर राहत नाही, हे शरदचंद्रांकडे पाहून पटायचं. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होते तेव्हा शिफ्ट सुटली की गडी थेट देवळात. घरी ताट झाकून ठेवलेलं असायचं. पुढे काचबिंदूने डोळे नेले, तर त्यांनी ब्रेल शिकून घेतलं. मग कानही गेले. देवाने एकेक दार लावून घेतलं, पण माणसाने कधी कुरकुर केली नाही. वाचा शाबूत होती ना, मग झालं! सोनिवलीच्या नव्या इमारतीतल्या फ्लॅटमध्ये रोज दुपारी ते पलंगावर मांडी घालून बसत आणि शेजारी टेकून बसलेल्या कुंदाबाईंना एखादं आख्यान रंगवून सांगत.

सून शलाकाने त्यांना ब्रेल डिस्प्ले आणून दिला होता. वीतभर लांबीची पट्टी, मोबाईलला बिनतारी जोडलेली. खोलीत कुणी बोललं की मोबाईल ते लिहून घ्यायचा आणि पट्टीवर बारीक ठिपके वर यायचे. डाव्या हाताची बोटं त्यावरून फिरली की शरदचंद्रांना घर ऐकू यायचं. उल्हासनगरच्या एका सिंधी शिंप्याने ती गळ्यात अडकवायला पिशवी शिवून दिली होती. कुंदाबाई त्या पट्टीला ‘बिनसुरांची पेटी’ म्हणत.

कुंदाबाईंचं हृदय हल्ली लवकर दमायचं. शरदचंद्रांना जगात एवढीच एक धास्ती होती. अंधार चालेल, शांतताही चालेल. पण शेजारची जागा रिकामी होता कामा नये.

त्या आठवड्यात त्यांनी एका नावाड्याचं आख्यान लावलं होतं. गरीब नावाडी, आणि पलीकडे सोड म्हणत आलेला अनोळखी पाहुणा. शरदचंद्र वाक्य टाकत, थांबत, आणि बोटांखाली ठिपके उठत: हूं.

पुन्हा वाक्य. पुन्हा: हूं.

म्हातारा खुलला. गोष्टीला हुंकार मिळाला की सांगणाऱ्याला बळ येतं, हे काय सांगायला हवं? आख्यान थांबवून ते म्हणाले, “कुंदा, आज तू अगदी पहिल्या रांगेतल्या श्रोत्यासारखी साथ देतेयस हं!”

ठिपके भराभर बदलले. “अहो, मी कुठे? मी आपली मान डोलावते. हुंकार द्यायला लागलं की शेवटपर्यंत उठता येत नाही, अशी आमच्या माहेरची, बारवीकडची रीत. आणि माझा कुकर कोण बंद करणार, तुमचा नावाडी?”

शरदचंद्र हसले. मग हसू हळूहळू ओसरलं.

संध्याकाळी शलाका कामावरून आली, तेव्हा शरदचंद्रांनी तिला त्या हुंकारांचं सांगितलं. तिने मोबाईल तपासला. “बाबा, इथे फक्त तुमचं आणि आईंचं बोलणं आलंय. हूं कुठेच नाही. फॅनच्या आवाजाने गडबड होत असेल.” तिने पंखा बंद केला. अंगावरचा वारा थांबला.

“नावाड्याने दोर सोडला,” शरदचंद्र म्हणाले.

हूं.

शलाकाने मोबाईल पूर्ण बंद करून त्यांच्या मांडीवर ठेवला. आता जग खरोखरच मिटलं. तिने त्यांचा तळवा उघडून त्यावर बोटाने एकेक अक्षर काढलं: आता बोला.

“होडी पाण्यात आली.”

हूं.

ठिपके कडक होते, नीट, घाईत नसलेले. शलाकाने पट्टीवर उठलेले ठिपके बोटाने चाचपून पाहिले. मग तिने तळव्यावर लिहिलं: कशालाच जोडलेलं नाही. उद्या पट्टी उल्हासनगरला दुरुस्तीला देऊ.

शरदचंद्रांनी गोष्ट तिथेच सोडली. होडी मधल्या धारेत, पाहुणा गप्प. कारखान्यात आयुष्य घालवलेला माणूस. यंत्रात बिघाड असतो, भूत नसतं, असं त्यांनी मनाला बजावलं.

दुसऱ्या दिवशी शलाका मोबाईल पुन्हा चालू करून घाईत निघाली आणि पट्टी न्यायची राहिली. सकाळी चहाच्या वेळी ठिपके आले: पुढे?

त्यांनी पट्टी पालथी घातली. पण कुंदा काय म्हणते ते कळायला ती लागायचीच. अंघोळीनंतर पुन्हा: पुढे?

“कुंदा, तू काही म्हणालीस?”

“नाही हो. पण एक सांगू? अर्धं आख्यान टाकू नये. आई म्हणायची, गोष्ट मध्येच सोडली की हुंकार देणारा घरातच बसून राहतो. त्याला जायला वाट नसते.”

“चल, काहीतरीच!” ते म्हणाले. त्यांच्या बोटांखाली तिची ओळ विरली आणि नवी आली.

नाहीतर कुंदाबाईंची गोष्ट सांगा.

त्यांनी बोट परत फिरवलं. तेच होतं. त्यांनी बायकोला काही सांगितलं नाही. तिच्या जिवाला तेवढंही झेपलं नसतं.

दुपारी ते मुद्दाम सोवळं नेसून बसले. कपाळाला बुक्का लावला. कीर्तन पूर्ण करायचं, पाहुण्याला रीतसर निरोप द्यायचा. एवढं तर आयुष्यभर पाहिलं होतं. उजव्या हातात त्यांनी कुंदाबाईंचा हात घट्ट धरला. सैल पडलेल्या बांगड्या, मनगटात बारीक ठोका. चालू होता.

त्यांनी होडी काठाला लावली. नावाड्याला पाहुणा कोण ते कळलं, त्याने पाय धरले. प्रत्येक वाक्याला हुंकार. इतका एकचित्त श्रोता त्यांना जन्मात मिळाला नव्हता, आणि लाज वाटावी असं त्या भीतीतही त्यांना ते गोड वाटत होतं.

शेवटी जयजयकार करून ते म्हणाले, “आख्यान पूर्ण झालं. श्रोत्यांनी प्रसाद घ्यावा आणि सुखाने आपापल्या घरी जावं.”

पट्टी सपाट राहिली. एक श्वास, दुसरा. शरदचंद्रांचे खांदे खाली आले.

मग ठिपके उठले.

छान सांगितलंत. आता मी सांगतो.

त्यांनी हात काढून घ्यायला हवा होता. पट्टी बंद करायला हवी होती. पण मग पलीकडे काय चाललंय हे त्यांना कसं कळणार?

सोनिवलीत कुंदाबाई नावाची एक बाई होती.

होती.

ठिपके थांबले. शरदचंद्रांच्या लक्षात आलं, ते वाट पाहतायत. हुंकाराशिवाय गोष्ट पुढे सरकत नाही. त्यांनी दातांवर दात दाबले, ओठ मिटले. द्यायचा नाही. रात्र झाली तरी द्यायचा नाही. शलाका येईपर्यंत असंच बसून राहायचं.

पट्टीवर तीच ओळ. होती. होती.

मनगटातला ठोका चालू होता.

मग ओळ बदलली.

हूं.

त्यांनी हिसक्याने डावा हात स्वतःच्या गळ्यावर नेला. गळा गप्प होता. तोच हात चाचपडत शेजारी गेला, कुंदाबाईंचा खांदा, मंगळसूत्राचे मणी, मान. कातडीखाली नुकत्याच उमटलेल्या आवाजाची थरथर अजून विरत होती.

“कुंदा, नको! कुंदा, ऐकू नकोस ते!”

पट्टीवर बोटं परत टेकेपर्यंत गोष्ट पुढे गेली होती.

ती उठली.

शेजारची गादी सावकाश वर आली. तिच्या वजनाने पडलेला खळगा भरून निघाला. फरशीवर पावलं पडली. पलंगाच्या पायांतून त्यांना ती कळली, एकेक, दाराच्या दिशेने.

शरदचंद्रांनी कुंदाबाईंचा हात जिवाच्या आकांताने आवळला. हात हातातच होता. उबदार, बांगड्यांसकट.

आणि त्याचा अंगठा, त्यांच्या तळव्यावर, पहिल्या रांगेतल्या श्रोत्यासारखा हळूहळू ताल धरू लागला होता.