बाराच्या दोन रिंगा

"द्रौपदीबाय, माझ्या पोरीचं काहीतरी बरंवाईट झालंय गं!"

फोनवर मथुराचा आवाज ओळखू येत नव्हता. द्रौपदी होती तशी चप्पल घालून निघाली. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं ऑपरेटर म्हणून काढलेली ही बाई जोगेश्वरीला राहायची आणि वेसाव्याच्या मथुराकडूनच मासळी घ्यायची. वाटेत तिला सारखं वाटत होतं, आपण जाऊन करणार काय? नवे फोन आपल्याला धड कळतही नाहीत.

कोळीवाड्यातल्या घरी पोचली तेव्हा दुपारचे अडीच झाले होते. बाहेर ओट्यावर उन्हात मथुराचा नवरा बळवंत जाळं विणत होता, बाजूला त्याचा साधा बटणांचा मोबाइल पडला होता. त्याने मान वर केली नाही. आत मथुरा घरच्या फोनसमोर बसली होती. शेजारी वायफायच्या डब्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते.

"नीट सांग. चेतनाला काय झालं?"

"तेच ठाऊक नाही ना! वर्ष झालं तिला स्वतःच्या मनाने लग्न करून. ह्यांनी शपथ घातली, तिच्याशी बोलायचं नाही. नाही बोलले मी. पण ती रोज दुपारी बाराला फोन लावते, दोन रिंगा देते नि ठेवते. म्हणजे बरी आहे. आठ दिवस रिंग नाही."

"ही खूण कुणाला माहीत आहे?"

"कुणाला नाही. हे ओट्यावर असतात. पोरगा, आकाश, बाराला कधी घरी नसतो."

"मग तूच फोन का नाही लावलास?"

"नंबर आकाशकडे. दर महिन्याला माझी सुकट मानखुर्दला तिला तोच पोचवतो. काल त्याला एवढंच म्हटलं, ताई बरी आहे का बघून ये. खोलीला कुलूप, म्हणाला. फोनही बंद."

द्रौपदीने मोबाइलवरून घरचा नंबर लावला. बेल खणखणली.

"हा फोन कधी घेतला?"

"महिना झाला. इंटरनेटवाला. नंबर जुनाच ठेवलाय. ह्याच्यावरही रिंगा येत होत्या की!"

तेवढ्यात आकाश आला. त्याचा साखरपुडा ठरला होता. हातात नव्या कपड्यांची पिशवी होती.

"मावशी, तुम्हाला कशाला त्रास दिला हिने? आई उगाच बाराची वाट बघत बसते. नेटवर्कची वाट लागली असेल, बस."

द्रौपदी त्याच्याकडे पाहत राहिली.

"कनेक्शन कुणाच्या नावावर आहे?"

"बाबांच्या. का?"

तिने बळवंतला आत बोलावलं. मथुरा ताडकन उठली. "तुम्हीच केलंत ना हे?"

द्रौपदीने कंपनीला फोन लावला आणि रिसीव्हर बळवंतकडे दिला. त्याने कंपनीच्या माणसाला नाव आणि जन्मतारीख सांगितली, आणि रिसीव्हर परत द्रौपदीच्या हातात दिला. तिने स्पीकर लावला.

"इथे एखादा नंबर ब्लॉक केलाय का?"

"हो मॅडम, एक. मागच्या शुक्रवारी, अॅपमधून."

"आणि न उचललेल्या कॉलची नोंद राहते?"

"राहते. अॅपमध्ये, नंबर आणि वेळेसकट."

"तो ब्लॉक काढा."

तिने फोन ठेवला.

"बिघडलेला फोन सगळ्यांनाच बिघडलेला असतो," ती हळूच म्हणाली. "माझी रिंग आली. म्हणजे चेतनालाच कुणीतरी अडवलं होतं. बळवंतदादांकडे साधा बटणांचा मोबाइल आहे, त्यावर अॅप कुठलं? चुकत असेन तर सांग, आकाश. बाराचं तुला कुणी सांगितलं? आई तर म्हणते, कुणालाच माहीत नाही. जुन्या फोनवर न उचललेली रिंग विरून जायची. नव्यात ती लिहिली जाते. रोज बारा, रोज एकच नंबर. आणि तो नंबर ह्या घरात फक्त तुझ्याकडे आहे."

आकाशने पिशवी खाली ठेवली.

"शुक्रवारी बाराला मुलीकडचे घरी यायचे होते. बेल वाजली असती, त्यांनी विचारलं असतं कोण म्हणून. मी एकुलता एक आहे असं सांगितलंय त्यांना."

"काल खोलीला कुलूप होतं?" मथुराने विचारलं.

"गेलोच नाही मी."

"आणि ताईला काय सांगितलंस?"

"तूच ब्लॉक करायला सांगितलंस, असं."

मथुरा पुढे आली. "माझ्या हातची सुकट नेत होतास रे तू तिला."

"मला दोन रिंगा ऐकू यायच्या," बळवंत एकदम म्हणाला. "नाहीतर भर दुपारी उन्हात ओट्यावर कोण बसतं?"

मथुराने आकाशकडून नंबर घेतला आणि स्वतः फिरवला. पलीकडे एक रिंग गेली, दुसरी गेली. तिने फोन ठेवला.

मग बेल वाजली. एकदा. दोनदा. थांबली.

मथुराने डोळे पुसले आणि फोन आकाशपुढे सरकवला.

"आता मुलीकडच्यांना लाव. ह्याच फोनवरून, माझ्यासमोर. बहीण आहे म्हणून सांग."