तीन नंबरचा लाल दिवा

हसा खुशाल. पण माणूस माझ्या ओळखीतला आहे, म्हणून सांगतो. लाइव्ह कार्यक्रमांचं चित्रीकरण हा त्याचा धंदा. गेल्या डिसेंबरातला तिसरा शनिवार, अमावस्येची रात्र. नाट्यगृहात गाणं होतं. त्यानं चार कॅमेरे लावले. दोन रंगमंचाच्या बाजूंना. तिसरा मागच्या रिकाम्या बाल्कनीत, त्याच्यावर याचा धाकटा भाऊ. चौथा रंगमंचावरून प्रेक्षकांकडे तोंड करून नुसताच ठेवलेला. आणि हा आतल्या खोलीत पडद्यांसमोर बसून, कोणतं चित्र लोकांना दाखवायचं त्याची बटणं दाबणार.

त्यांच्यात एक शिस्त असते. ज्याचं चित्र चालू, त्याच्या कॅमेऱ्यावर लाल दिवा. दिवा आहे तोवर हलायचं नाही, बोलायचं नाही, मान वळवायची नाही. धाकटा एकदा हलला, तेव्हा यानं त्याला चारचौघांत झापलं होतं.

"दादा, वर गारठलो रे. चहाचं बघ की," धाकटा हेडफोनवर म्हणाला.

"कार्यक्रम संपू दे, किटलीच आणतो तुझ्यासाठी."

मध्यंतरानंतर याची नजर चौथ्या पडद्यावर गेली. बाल्कनीत भाऊ कॅमेऱ्याला डोळा लावून उभा. त्याच्या मागे, शेवटच्या रांगेत, आणखी कोणीतरी. उंच.

"तुझ्या मागे कोण आहे?"

धाकट्यानं वळून पाहिलं. "कोणी नाही. दाराला आतून कडी आहे की."

यानं तिसऱ्याचं चित्र लावलं. लाल दिवा लागला. चौथ्या पडद्यावर ते जागच्या जागी होतं. दुसऱ्याचं लावलं, दिवा विझला... ते एक रांग पुढे आलं. घाईघाईनं पुन्हा तिसरा. ते थांबलं.

मग यानं बटणावरचं बोट काढलंच नाही.

"खाली ये. आत्ता!"

धाकटा हलेना. दिवा होता ना! त्याला वाटलं, दादा परीक्षा घेतोय.

"अरे, शिस्त गेली खड्ड्यात. ये ना रे..."



दिवा घालवला तर ते पुढे येणार. ठेवला तर भाऊ हलणार नाही. करायचं काय? शेवटी तिसऱ्याचं चित्र तसंच चालू ठेवून, बिनतारी हेडफोन कानावरच, तो जिन्याकडे पळाला.

तेवढ्यात आयोजक खोलीत आले. कधीपासून एकच चित्र दिसतंय, अडकलं असेल, असं वाटलं बिचाऱ्यांना. त्यांनी पहिल्या कॅमेऱ्याचं बटण दाबलं.

हा बाल्कनीच्या दाराशी पोचला होता. फटीतून लाल उजेड येत होता.

तो उजेड गेला.

"दादा..." कानात आवाज आला.



तो दारावर धडका देत राहिला. खाली टाळ्या चालल्या होत्या. कडी निघाली तेव्हा धाकटा खुर्च्यांमध्ये पडलेला होता, डोळे उघडे. जिवंत आहे तो. घरी असतो. पण दादाला ओळखत नाही.

आणि कॅमेरा...

कॅमेरावाला स्टँड आपल्या डोळ्यांच्या उंचीला लावतो. धाकटा जेमतेम माझ्या खांद्याला लागेल. तो स्टँड मात्र पूर्ण ताणून वर नेलेला होता. डोळा लावायची काच दाराच्या चौकटीच्याही वर. हा खुर्चीवर चढला आणि पाहिलं...

काचेवर श्वासाची वाफ होती. ताजी.