नाभीशेजारी

जामसांवलीच्या मारुतीपुढची रांग गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पोचली, आणि विजयमाला हळूच रांगेतून बाहेर सरली.

येथला मारुती उभा नाही, पहुडलेला आहे. त्याच्या नाभीतून पाणी झरते आणि त्या तीर्थाने असाध्य व्याधी हटतात, अशी या मुलखाची श्रद्धा. म्हणूनच सौसरच्या अंबाबाई, तिच्या आत्या, मार्गशीर्षाच्या थंडीत तिला घेऊन आल्या होत्या. विजयमाला पांढुर्ण्याच्या कन्याशाळेत संस्कृत शिकवी. नागपुरात तिचे रोगट मोठे आतडे काढावे लागले, तेव्हापासून नाभीच्या उजव्या अंगाला पोटावर एक छिद्र होते आणि त्यातून येणारा मळ झेलायला पट्ट्याने बांधलेली प्लास्टिकची पिशवी. हे आत्यावाचून कोणालाच ठाऊक नव्हते. ती कोणाच्या शेजारी बसत नसे, कोणाकडे जेवत नसे. देवाच्या नाभीचे ते तीर्थ. आणि आपल्या नाभीशेजारचे...?

“काहून जी, इतक्या जवळ येऊन माघारी चालल्या?”

पायरीवर संत्रे सोलीत बसलेला एक तरुण विचारीत होता.

“गर्दी आहे,” ती म्हणाली.

“गर्दी तं मागं आहे. पुढं फक्त देव आहे.”

तिला नकळत हसू आले. तिने पदर ओढून घेतला, तशी आत पिशवी चुरचुरली. संत्र्यावरचा त्याचा हात थांबला. आसपास कोणी नाही असे पाहून तो हलक्या आवाजात म्हणाला, “पोटावर आहे ना... पिशवी?”

तिने दोन्ही हात पदरावर घट्ट दाबले.

“घाबरू नका. हा आवाज मी अंगावर घेऊन हिंडलो आहे, म्हणून वळखला. दुसऱ्याले नाही समजत.”

“हिंडलो... म्हणजे आता नाही?”

“आता माही आत आहे,” तो म्हणाला, आणि सोललेल्या संत्र्याचा अर्धा भाग त्याने तिच्यापुढे धरला.

त्याचे नाव मोरेश्वर. बोरगावच्या सरकारी रोपवाटिकेत तो संत्र्याच्या कलमांवर देखरेख करी. शनिवारी शाळा लवकर सुटे आणि विजयमाला आत्याकडे सौसरला येई. त्या वेळी मोरेश्वरालाही सौसरच्या बस-स्थानकावर काही ना काही काम निघू लागले. बाकाच्या दोन टोकांना दोघे बसत. मध्ये तिची पर्स असे.

“तुम्ही सारखे उठून जाता कुठे? विडी ओढायला?” एकदा तिने टोचले.

“विडी परवडली असती!” तो हसला. “नळी घालून पिशवी खाली करून येतो.”

मग त्याने आपल्या स्वेटरची बाही मनगटाशी धरून आतल्या आत दुमडली. “हे पाहा, आपल्याच लहान आतड्याची आत एक पिशवी शिवतात. आणि तोंडाशी आतडं असं दुमडून झडप करतात. आपण नळी घालू तेव्हाच उघडते. वरून फक्त कापसाची घडी.”

त्या दुमडलेल्या बाहीकडे ती कितीतरी वेळ पाहत राहिली. निःशब्द पोट, कोणाच्याही शेजारची जागा... आणि याच्या शेजारची?

“आणि झडप नीट न राहिली तर?”

“घसरते. माही घसरली होती. मुंबईले जाऊन पुन्हा पोट उघडून घेतलं.” त्याने बाही सरळ केली. “आता एक तिसराही रस्ता निघाला आहे. पिशवी आत करून मूळ वाटेलेच जोडतात. तुमची ती वाट ठेवली का?”

“तीही काढली आहे.” एवढे बोलतानाही तिची मान खाली गेली. मग ती घाईने म्हणाली, “नागपूरचे माझे डॉक्टर झडपेची शस्त्रक्रिया करायला तयार आहेत. पुढच्याच महिन्यात.”

“आतापर्यंत किती केल्या त्यांनी?”

“असं कसं विचारायचं? ज्यांनी प्राण वाचवले त्यांनाच...?”

“पाया पडा आणि मग विचारा. किती केल्या, किती झडपा घसरल्या, घसरली तं पुढं काय करता.”

वैद्याला देव मानणाऱ्या घरात ती वाढली होती. देवाची परीक्षा घेणे तिला पाप वाटे. तरीही नागपूरला जाऊन, खरोखरच पाया पडून, तिने विचारले. वृद्ध डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “बेटा, मी पाहिल्या आहेत. केली एकही नाही.” आणि ज्यांच्या हातून अशा पुष्कळ झाल्या होत्या, त्या मुंबईच्या शल्यवैद्यांचा पत्ता त्यांनी स्वतःच दिला.

ती मुंबईला निघण्यापूर्वी मोरेश्वर इतकेच म्हणाला, “परत आल्यावर एक विचारायचं आहे.”

“आधी मला बरी होऊन येऊ द्या,” ती म्हणाली. दोघांनाही एकमेकांचे समजले होते.

मुंबईच्या डॉक्टरांनी जुन्या तपासण्या पुन्हा पाहिल्या. “मला ही शस्त्रक्रिया येते, म्हणूनच तुमची करणार नाही,” ते शांतपणे म्हणाले. “तुमचा आजार वेगळ्या जातीचा आहे. तो लहान आतड्यातही परत येऊ शकतो. आतली पिशवी बिघडली तर ती काढताना हातभर चांगलं आतडं जाईल. बाहेरचीच पिशवी तुम्हाला जगवील.”

पांढुर्ण्याच्या फलाटावर मोरेश्वर उभा होता. गाडी निघून गेली, माणसे पांगली. तिने सर्व सांगितले, अगदी वर्गात पाठ सांगावा तसे.

“म्हणजे तुमचा मार्ग माझा नाही,” शेवटी ती म्हणाली. “तुम्ही सुटलात. मी... अशीच राहणार. आता काही विचारू नका.”

“डॉक्टरले विचारा म्हटलं ते तुमच्यासाठी, माह्यासाठी नाही,” तो दुखावून म्हणाला. “बरी झालीस तरच विचारीन, असं मी कधी म्हटलं? लग्न करशील का माह्याशी?”

त्याच्या तोंडून ‘तू’ पहिल्यांदाच आले होते. तिचे डोळे भरले. दूर सिग्नलचा तांबडा दिवा त्यात पसरला.

“आणि तुमच्या आई? त्यांना काय सांगाल?”

“माहं सारं तिनंच निस्तरलं आहे. तुझं मी सांगतो तिले. उद्याच.”

“नको.”

तो चरकला. तिने डोळे पुसले आणि पदर नीट केला. आजवर हे तिने आपल्या तोंडाने कोणालाच सांगितले नव्हते. वैद्यांनी विचारले, आत्यांनी झाकले, मोरेश्वराने ओळखले.

“तुम्ही सांगू नका,” ती म्हणाली. “मला तुमच्या घरी न्या. मी सांगेन.”