उष्टे राखणदार

शाल्मली सकाळी दात घासायची नाही आणि तिची आई तिला ओरडायचीही नाही. चिपळुणातल्या बाकीच्या आयांना हे ऐकून घेरी यायची. पण दातांना तारा लागल्या त्याच दिवशी डॉक्टर खातू मॅडमनी शाल्मलीच्या हिरड्यांना एक लेप चोळला होता. त्यातले जंतू तारांखाली, ब्रशचा केससुद्धा पोचणार नाही अशा फटींत मुक्काम ठोकून अडकलेलं अन्न आणि दात किडवणारे जंतू दोन्ही फस्त करत होते. ते बनवणाऱ्या कंपनीने त्यांना लांबलचक इंग्रजी नाव दिलं होतं. गावाने त्यांना राखणदार म्हटलं.

राखणदार कंपनीचे, तोंड तेवढं शाल्मलीचं, असा एकूण करार होता. कंपनीचा खुराक दर महिन्याला मिळाला तरच ते जगत, आणि आपलं उष्टं दुसऱ्याला द्यायला सक्त मनाई होती.

तिच्याच बाकावरच्या रुकसारला राखणदार नव्हते. तिच्या अब्बांना नुसत्या ताराच परवडल्या होत्या. बिचारी काहीही खाल्लं की शाळेच्या नळावर उभी राहून बारक्या ब्रशने एकेक फट कोरायची, चुळा भरायची आणि वर उशिरा आली म्हणून बाईंची बोलणी खायची. तरी हिरड्या सुजल्याच, दातांवर पांढरे डाग पडले. "पुढच्या वेळी असंच दिसलं तर तारा काढाव्या लागतील," खातू मॅडमनी सांगून टाकलं. दात अजून अर्धेच सरळ झाले होते. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत रुकसार नुसती बसून राहिली.

शाल्मलीचं डोकं फिरलं. तिने पिकलेला पेरू काढला. बालवाडीपासून दोघी पेरू रुमालात धरून चिमणीच्या दातांनी तोडत आल्या होत्या. मध्ये कापड असलं की उष्टं होत नाही. आज तिने रुमाल दप्तरात कोंबला, सरळ एक लचका तोडला आणि उरलेला पेरू पुढे केला.

"अगं, उष्टा आहे!"

"म्हणूनच देतेय. खा."

रुकसारने दाराकडे पाहिलं आणि खाल्ला. मग हे रोजचंच झालं.

पुढच्या तपासणीला शाल्मली तिच्यासोबत गेली. रुकसारच्या हिरड्या गुलाबी, घट्ट. मॅडम आधी खूश झाल्या, मग त्यांना शंका आली. राखणदार तपासायचा निळा दिवा त्यांनी रुकसारच्या तोंडाशी धरला, तर तारा हिरव्या चमकल्या.

"मी दिले," शाल्मली म्हणाली.

"पण खुराकाशिवाय जगले कसे?" मॅडमचा चेहरा उतरला. "म्हणजे ते बदललेत. पुढे काय करतील, कुणालाच ठाऊक नाही. मला कंपनीला कळवावं लागेल. आणि दोघींनी या औषधाने चुळा भरा. राखणदार मरतील."

त्यांनी दोन पेले भरले. रुकसारचा हात मुकाट्याने पुढे गेला.

"मग हिच्या तारांचं काय?" शाल्मलीने विचारलं. "माझ्या तोंडात वाढले, आमचं अन्न खाऊन जगले. मग कंपनीचे कसे?"

तिने दोन्ही पेले उचलले आणि बेसिनमध्ये उपडे केले.

"शाल्मली, वेडेपणा करू नकोस. अजून दोघींपुरतंच आहे, निस्तरता येईल." मॅडम थबकल्या. "की आणखी कुणाला दिलंस?"

"मॅडम," शाल्मली म्हणाली, "आमच्या वर्गात डबा एकटं कोण खातं?"