थट्टेचं नातं

लोसालीनीच्या हातातला गरम निरफणस कुणीतरी मागून उचलला, तेव्हा ती आधी दचकली आणि मग चिडली.

बोट नुकतीच धक्क्याला लागली होती. फिजीची राजधानी सुवा, तिथून आठ पाहुणे आले होते. त्यांना जंगलातले पक्षी बघायचे होते, धबधबा बघायचा होता, चटया विणणाऱ्या बायका बघायच्या होत्या. त्यांना उतरवून घ्यायचं काम लोसालीनीचं. सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं, म्हणून चुलीतला निरफणस केळीच्या पानात गुंडाळून तिनं बरोबर आणला होता. आता तो एका उंच, भिजलेल्या, अनोळखी माणसाच्या तोंडात निम्मा गेला होता.

"ए! लाज वाटते का काही?"

"नाही वाटत," तो भरल्या तोंडानं म्हणाला. "मी ओनेवाईचा."

ओनेवाईचा, म्हणजे तौवू. त्याच्या बेटाचा आणि हिच्या गावाचा मूळपुरुष एकच, असं आजे-पणजे सांगत आलेले. तौवूनं तौवूची वस्तू खुशाल उचलावी, त्याला वाटेल ते बोलावं. ज्याला बोललं त्यानं रागवायचं नाही, हसायचं. रागावला तो हरला.

तिनं खाली बघितलं. बोटीतून उतरताना त्यानं चपला काढून हातात धरल्या होत्या. तिनं त्या काढून घेतल्या, स्वतःच्या पायात घातल्या आणि फटक फटक करत पाहुण्यांच्या पुढे चालू लागली. काळ्या, तापलेल्या दगडांवरून तो दिवसभर अनवाणी फिरला. एकदाही चपला मागितल्या नाहीत. संध्याकाळी मात्र पाय समुद्रात सोडून बसला आणि म्हणाला, "खेकड्याची पोर आहेस. धरलंस की सोडत नाहीस."

"आणि तू वटवाघूळ. दुसऱ्याची फळं खातोस."

त्याचं नाव इसिकेली. सुवाच्या एका प्रवास कंपनीत पाहुणे फिरवण्याचं काम करायचा. ही गोष्ट मार्चमधली. त्यानंतर दर महिन्याला बोट येत राहिली, आणि बोटीत तो.

"तू अजून इथंच? मला वाटलं, कुणीतरी डोळे मिटून पळवून नेली असेल."

"नेत होते. तुझी बोट दिसली तसे घाबरून पळाले."

असंच चालायचं. गावातल्या बाया विणता विणता थांबून ऐकायच्या. लोसालीनी महिनाभर उत्तरं मनात जुळवून ठेवायची. आणि बोट उशिरा आली, की तिला जेवण जायचं नाही… हे मात्र तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं.

नोव्हेंबरच्या फेरीत पाहुण्यांनी आणलेली यांगोनाची मुळी गावानं रीतीनं स्वीकारली, आणि मग सगळे चटईवर गोल बसले. मुळी कुटून पाण्यात कालवलेल्या पेयाची करवंटी हातोहात फिरत होती. इसिकेलीची पाळी आली. त्यानं ती एका दमात रिकामी केली आणि लोसालीनीच्या वडिलांकडे, वाईसाकेकडे, बघून म्हणाला, "म्हाताऱ्या खेकड्या, ही माझी शेवटची फेरी. पुढच्या महिन्यापासून मला दुसऱ्या बेटांवर धाडतायत."

"सुटलो!" वाईसाके म्हणाला. "आता माझे निरफणस तरी वाचतील."

"म्हणून म्हटलं, जाताना तुझी पोरगी घेऊन जावी. बायको करून."

गोलात हशा उसळला. वाईसाके मांडीवर थाप मारून म्हणाला, "ने की! पण परत आणायची नाही. खाते फार."

लोसालीनीही हसली. सगळ्यांत मोठ्यांदा हसली. हसता हसता तिची नजर त्याच्याकडे गेली… इसिकेली हसत नव्हता. रिकाम्या करवंटीत तो बघत बसला होता, जणू तिच्या तळाशी काही पडलंय.

मग त्यानं मान वर केली आणि तोही हसला. पण उशिरा.

बोट सुटायला तीन दिवस होते. तीन दिवस लोसालीनी मनात तेच घोळवत राहिली. तो खरं बोलला असेल तर? मग आपण त्याच्या तोंडावर हसलो! आणि थट्टाच केली असेल तर? आपण ती खरी धरली हे कळलं, तर दोन्ही बेटं आपल्या नातवंडांपर्यंत हसतील. विचारावं तरी कसं? तौवूला काहीही विचारा, उत्तर थट्टेतच येणार.

दुसऱ्या दिवशी ती पाहुण्यांना घेऊन जंगलात गेली. उंच झाडावरून टक… टक… असा आवाज आला. नारिंगी पारवा! पाहुण्यांनी दुर्बिणी उचलल्या. हेल्गाबाई नावाची सत्तरीची एक बाई होती, ती प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घ्यायची. तिनं हळूच विचारलं, "हा पक्षी मादीला बोलावतोय का?"

"हो," इसिकेली म्हणाला. "आठ महिने बोलावतोय. ती बहिरी आहे."

सगळे हसले. हे पारव्याबद्दल होतं, की…? लोसालीनीनं त्याच्याकडे बघितलं, तोवर तो पुढे निघून गेला होता.

धबधब्याहून परतताना डोंगरावर पाऊस झाला. ओढ्याचं पाणी गढूळ होऊन चढू लागलं. इसिकेलीनं पलीकडच्या झाडाला दोर बांधला आणि एकेका पाहुण्याला पार नेलं. शेवटी हेल्गाबाई, आणि तिच्या मागे लोसालीनी. बाईला काठावर ढकललं, आणि त्याच क्षणी लोसालीनीच्या पायाखालचा दगड फिरला. पाणी नाकातोंडात गेलं. दोर हातातून सुटला.

"लोसालीनी!"

आठ महिन्यांत त्यानं तिला नावानं कधीच हाक मारली नव्हती. त्याला आपलं नाव नीट घेता येतं हेही तिला ठाऊक नव्हतं. त्यानं दंड धरून तिला ओढून घेतलं. काठावर आल्यावरही दंड सोडला नाही. पावसाचं पाणी त्याच्या पापण्यांवरून ओघळत होतं आणि तो नुसता बघत होता. आता बोलेल, लोसालीनीला वाटलं. आता…

"बुडाली असतीस," तो म्हणाला, "तर पाहुण्यांना दुपारचं जेवण कोण वाढणार होतं?"

तिनं दंड सोडवून घेतला. सगळ्या वाटेनं ती पाहुण्यांच्या पुढे चालत राहिली. पाऊस होता म्हणून बरं झालं, गाल कशानं ओले आहेत ते कुणाला कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी वाईसाके घरामागे अळकुड्या सोलत बसला होता. लोसालीनी शेजारी येऊन बसली. एक अळकुडी घेतली आणि सोलता सोलता ती जवळजवळ संपवली.

"आता राहिलं काय तिचं?" वाईसाके म्हणाला. "आण इकडे. काय झालंय?"

"काही नाही."

"त्या वटवाघळाचं आहे?"

वाईसाकेनं सुरी खाली ठेवली.

"तुझ्या आईला मी रोज चिडवायचो. सव्वीस वर्षं. तिच्या चालण्यावरून, तिच्या गाण्यावरून. तीही सोडायची नाही मला. मजा होती." त्यानं हाताची माती झटकली. "एकदा तरी नीट सांगायला हवं होतं, की घरात तू असलीस की मला बरं वाटतं. एवढंच. मोठं काही नाही. उद्या सांगू, उद्या सांगू… राहून गेलं."

"तिला माहीत होतं, ताता."

"असेल. मला कुठं माहीत आहे, तिला माहीत होतं की नाही ते?" त्यानं पुन्हा सुरी उचलली. "थट्टेला दोघं लागतात, पोरी. एकानं थट्टा करायची, दुसऱ्यानं हसायचं. दुसरा हसलाच नाही, तर पहिल्याला काहीतरी खरं बोलावंच लागतं."

बोट सकाळी निघायची होती. सगळं गाव धक्क्यावर जमलं होतं. पाहुण्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा घालून झाल्या. इंजिन सुरू झालं. इसिकेली शेवटचं सामान चढवून वळला. कालपासून लोसालीनीचे हात गार पडले होते. तिनं ते पाठीमागे धरले.

"चला, खेकड्याची पोर," तो मोठ्यानं म्हणाला. "आता मला विसरून एखाद्या आंधळ्याशी लग्न कर."

बाया हसल्या. लोसालीनी हसली नाही.

तो थांबला. "आंधळा आणि बहिरा. तुझं गाणं ऐकून पळून जायला नको."

या वेळी थोडेच हसले. लोसालीनी त्याच्याकडे बघत उभी होती.

"हस ना," तो हळूच म्हणाला.

"नाही."

"लोक बघतायत, लोसा…"

"बघू दे. त्या संध्याकाळी तू म्हणालास, बायको करून नेतो. ते थट्टेतलं होतं का? हो म्हण. मी आत्ता हसते. जन्मभर हसेन. पण सांगून जा."

बोटवाल्यानं इंजिन बंद केलं. इसिकेली दोन पावलं पुढे आला.

"तू हसलीस," शेवटी तो म्हणाला. "सगळ्यांत मोठ्यांदा. मला वाटलं… हेच तुझं उत्तर."

"मी घाबरले होते."

"मग मी काय होतो? सुवापासून सगळी वाट तेच एक वाक्य म्हणत आलो. आणि तोंडातून निघालं ते असं, चावटासारखं. दुसरं बोलणं येतंच कुठं मला तुझ्याशी?"

"मग आता बोल."

"तू नसलीस तर…" तो अडखळला. "बोट कुठंही लागली, तरी मला पोचल्यासारखं वाटत नाही."

लोसालीनीनं पाठीमागचे हात पुढे घेतले. ते अजून गारच होते. त्यानं ते धरले नाहीत. सगळ्यांदेखत धरायची रीत नव्हती. तो तिच्याजवळून गेला आणि वाईसाकेच्या पुढ्यात मांडी घालून ओल्या दगडांवर बसला.

"आता काय चोरायचं राहिलं?" वाईसाकेनं विचारलं. पण आवाज नेहमीचा नव्हता.

"मामा," इसिकेली मान खाली घालून म्हणाला. बायांच्यात कुजबूज झाली; आजवर तो त्याला ‘म्हाताऱ्या खेकड्या’च म्हणत आला होता. "पुढच्या बोटीनं मी येईन. कामासाठी नाही. माझे काका बरोबर असतील आणि त्यांच्या हातात तांबुआ असेल. आम्हाला दारातून परत पाठवू नका."

तांबुआ म्हणजे मागणी घालताना मुलीच्या घरी द्यायचा देवमाशाचा दात. तो समोर ठेवून कुणी थट्टा करत नाही, तौवूसुद्धा नाही.

वाईसाकेही खाली बसला. दोन्ही हातांची ओंजळ केली आणि टाळी वाजवली. एक… दोन… तीन… मोठं दान स्वीकारताना वाजवतात तशी, घुमणारी, सावकाश. मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांनीही ओंजळी जुळवल्या. कुणीही हसलं नाही.

बोटीतल्या पाहुण्यांना वाटलं, निरोपाचा कार्यक्रम आहे. त्यांनीही जोरजोरात टाळ्या पिटल्या, कुणी फोटो काढले. हेल्गाबाई वही उघडून कठड्यावरून वाकली.

"किती सुंदर! हे तुम्ही आमच्यासाठी बसवलंत का?"

लोसालीनी आता हसली. डोळ्यांतलं पाणी पुसत, अगदी मोकळी हसली.

"नाही हो, बाई," ती म्हणाली. "हे माझ्यासाठी आहे."