चौदाव्या दिवसाची सही

"कुठल्या मुलीच्या आई तुम्ही? पालकांना आज आत सोडत नाही."

त्याचं तिच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. ती सत्तावीस वर्षांची, भुरभुर पावसात मैदानाच्या फाटकाशी उभी, आणि दोन्ही हातांत बर्फाचा जड डबा.

"सोळा वर्षांच्या मुलीची आई व्हायला मला अजून बराच वेळ आहे," ती म्हणाली. "मी नवी फिजिओ. जरा डबा धरता का? बोटं बधिर झालीत."

त्याने डबा घेतला आणि कानापर्यंत लाल झाला. क्लबच्या मुलींच्या रग्बी संघाचा तो प्रशिक्षक. एरवी त्याची हाक मैदानाच्या पार टोकाला पोचायची, पण त्या सकाळी माफीचे दोन शब्द काही त्याच्या तोंडातून फुटेनात. तिला ते फार आवडलं.

तिची खोली प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली होती. तिरकं छत, एक खाट, घरघरणारा फ्रीज आणि मलमाचा उग्र वास. दर सोमवारी मुली तिथे रांग लावायच्या. झोप किती, दुखणं किती, थकवा किती... दहापैकी आकडा सांगायचा आणि ती तक्त्यात भरायची. मुलींनी तिचं नाव 'बर्फताई' ठेवलं.

"आकड्यांनी टॅकल शिकवणार का?" तो आधी म्हणायचा. पण थकवा सातच्या वर गेलेल्या मुलीच जास्त पडतात, हे तिने तक्त्यावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा त्याने तक्ता हातात घेऊन पुन्हा वाचला. आठवड्यातले धडकाधडकीचे सराव त्याने चारवरून दोनवर आणले. मानेचे व्यायाम सुरू झाले. मोसम संपताना दुखापती एकोणीसवरून सातवर आल्या होत्या, आणि त्यांचं 'अहो-जाहो' कधी गळून पडलं ते दोघांनाही आठवत नव्हतं.

एका सोमवारी रांग संपल्यावर तोच खाटेच्या कडेला येऊन बसला.

"माझी नोंद नाही घेत कुणी."

"झोप?"

"चार."

"दुखणं?"

"आहे... थोडं."

"कुठे?"

"बर्फाने जाण्यातलं नाही ते."

तिने मान वर केली नाही. पेन्सिल मात्र तक्त्यावरून घसरली, आणि एका बिचाऱ्या मुलीचा थकवा दोनाचा नऊ झाला.

संघाची कर्णधार त्याची भाची होती. सगळे तिला चिमणी म्हणायचे. अंगाने एवढीशी, पण दुप्पट वजनाच्या मुलीला टॅकल करून अलगद आडवं करायची. त्याच्या ताईची ही एकुलती एक. उपांत्य सामन्याच्या दोन आठवडे आधी सरावात तिच्या डोक्याला कुणाचा तरी गुडघा लागला. चक्कर, मळमळ. फिजिओने स्वतःच नियम केला होता, डोक्याला मार बसला की एकवीस दिवस मैदान बंद. तिची सही झाल्याशिवाय कुणी परत उतरायचं नाही.

सामना आला चौदाव्या दिवशी.

"बर्फताई, काही दुखत नाहीये गं," चिमणी खाटेवर पाय हलवत म्हणाली. "मामा, तू सांग ना हिला."

तो दारात उभा होता. पावसाने केस कपाळाला चिकटलेले. "मी काय सांगणार? ती म्हणेल तसं," तो म्हणाला. पण त्याचे डोळे... चार वर्षं हा संघ उपांत्य फेरीतच हरत आला होता. ते सगळं त्या डोळ्यांत होतं.

तिने चिमणीला पाच शब्द ऐकवले आणि थोड्या वेळाने विचारले. चिमणीला चार आठवले. पाचव्यासाठी ती हसत छताकडे बघत राहिली.

फिजिओने पुन्हा दाराकडे पाहिलं. मग सही केली.

सामन्यात दुसऱ्याच टॅकलनंतर चिमणी उठली आणि चेंडू घेऊन उलट्या दिशेला चालू लागली. चार पावलं, आणि खाली कोसळली.

ती वाचली. पण पुढचे पाच महिने पडदे ओढलेल्या खोलीत गेले. उजेड सोसेना, दोन ओळी वाचल्या की डोकं ठणके. परीक्षा बुडाली, रग्बी कायमचं सुटलं. दवाखान्यात त्याची ताई कुणावर ओरडली नाही. फक्त फिजिओ आत आली की ती उठून बाहेर जायची.

"चूक माझी," तिने राजीनाम्याचं पत्र पुढे ठेवल्यावर तो म्हणाला. "मी त्या दारात उभाच राहायला नको होतं."

"तू काहीच मागितलं नव्हतंस. तिला एक शब्द आठवला नाही, ते मला कळलं होतं. मी तिच्याकडे बघायला हवं होतं, आणि मी तुझ्याकडे बघत होते."

"मग आता... नको जाऊस."

"रोज तुझ्याकडे बघताना मला तेच आठवेल रे."

ती गेली.

तीन वर्षांनी दुसऱ्या शहरात, एका शाळेच्या सभागृहात ती प्रशिक्षकांना डोक्याचा मार ओळखायला शिकवत होती. शेवटच्या रांगेत तो बसला होता. कानांजवळचे केस थोडे पांढरे झालेले. सगळे गेल्यावर दोघं बाहेरच्या पायरीवर बसले.

"चिमणी?"

"कॉलेजात जाते. वाचते आता, थांबून थांबून. तुला विचारत असते."

"आणि ताई?"

"नाही विचारत."

पाऊस नव्हता, नुसतं आभाळ भरलेलं. ती बोटातली अंगठी फिरवत होती. त्याने ती पाहिली.

"लग्न ठरलंय," तीच म्हणाली. "चांगला आहे. दातांचा डॉक्टर."

"छान." मग पुन्हा, "खरंच छान."

तिला एक विचारायचं होतं. गेली तीन वर्षं.

"त्या दिवशी मी सही केली नसती, तर... तू किती रागावला असतास?"

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. तसा तो होताच.

"आठवडाभर," तो म्हणाला. "फार तर दोन."

तिने मान हलवली आणि समोरच्या रिकाम्या रस्त्याकडे बघत राहिली. एवढ्याशा रुसव्याला ती घाबरली होती.