दार नसलेलं घर

जिन्यात मी त्याच्यावर आदळले आणि त्याच्या हातातल्या खोक्यातले सगळे लाकडी ठोकळे टपटप पायऱ्या उतरत तळमजल्यापर्यंत गेले.

"दिसत नाही का तुम्हाला?" चूक माझीच होती, म्हणून माझा आवाज जरा जास्तच चढला.

तो नुसता पाहत राहिला. एक... दोन... तीन... मी सेकंद मोजत होते. कामाची खोड ती. हृदयात मोठा दोष घेऊन जन्मलेल्या मुलांच्या मेंदूची वाढ तपासायची, हे माझं काम. ठोकळे रचायला द्यायचे, चित्र काढायला सांगायचं आणि आपण स्टॉपवॉच धरून बसायचं.

"दिसतं," पाचव्या सेकंदाला तो म्हणाला. "पण तुम्ही दिसायच्या आधीच आलात."

इस्पितळातल्या आमच्या तपासणीच्या खोलीसाठी नवे ठोकळे घेऊन आलेला हा सुतार. दोघांनी बसून ते वेचले. शेवटच्या ठोकळ्यावर दोघांचे हात एकदमच पडले, आणि त्यानं आपला हात लगेच काढला असेल तर शपथ.

मग कुठे कड घासायला, कुठे रंग लावायला तो येऊ लागला. मी त्याला 'सावकाश' म्हणायची, तो मला 'घड्याळबाई'.

"उत्तराला एवढा वेळ का लागतो हो? शब्दांनाही रंधा मारता की काय?"

"खडबडीत... चालतील तुम्हाला?"

चालले असते, पण मी कशाला सांगू?

एकदा चहा पिताना मी त्याला भिंतीवरचं एक चित्र दाखवलं. माझ्या आधीच्या बाईंच्या काळातलं, पिवळं पडलेलं.

"मूल क्रमांक सतरा. वय सहा. हृदय नीट घडलं नाही, की पोटात असल्यापासूनच मेंदूला प्राणवायू कमी पडतो. मग काही मुलांना पुढचा विचार करून काम करणं जड जातं. हे बघा ना, छप्पर आहे, खिडक्या आहेत, पडदेसुद्धा आहेत. दारच विसरलं. आता आत जाणार कुठून?" आणि मी हसले.

तो चित्राकडे बघत राहिला. मग चहा अर्धा टाकून निघून गेला, तो तीन आठवडे फिरकलाच नाही. माझा जीव टांगणीला लागला. आमच्या नर्सताईंनी तर माझ्या देखत एक चांगला ठोकळा दोनदा जमिनीवर आपटला आणि म्हणाल्या, "गेला बाई कोपरा. बोलवायचं का कुणाला?"

सोमवारी जुन्या, आता मोठ्या झालेल्या मुलांची फेरतपासणी सुरू झाली. नावं झाकलेली, नुसते क्रमांक.

"सतरा, आत या."

दारात तो उभा होता.

"अहो, ठोकळ्यांचं नंतर बघू... आत्ता मी सतराला—"

"मीच."

त्यानं शर्टचं वरचं बटण काढलं. गळ्याखालून सरळ खाली गेलेला पांढरट वण. माझ्या हातातलं स्टॉपवॉच जमिनीवर पडलं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मी त्या घरावर हसले होते, आणि तेही त्याच्याच समोर.

"दार विसरलो नव्हतो," तो म्हणाला. "मी दार शेवटी काढतो. बाई म्हणाल्या वेळ संपली... आणि कागद काढून घेतला."

मी वळून भिंतीवरच्या त्या घराकडे पाहिलं.

"मला वेळ लागतो, ते खरंय. दोन कामं एकदम सांगितली तर एक राहतं. हे तुम्हाला आधीच सांगायचं होतं. पण घाबरलो. सुतार म्हणून आवडत असेन, पण सतरा नंबर म्हणून..."

"मला तुमची तपासणी करता येणार नाही," मी कशीबशी म्हणाले. "घरच्या माणसांची करायची नाही, असा नियम आहे."

बोलून गेले आणि मीच चपापले. घरच्या?

तो खाली वाकला, स्टॉपवॉच उचललं. पाच सेकंद. सहा. सात.

"मग घरचाच करून घ्या. लग्न कराल माझ्याशी?"

एरवी टाचणी पडायच्या आत उत्तर देणारी मी! हात सवयीनं घड्याळ शोधू लागला, तर त्यानं ते स्वतःच्या खिशात टाकलं.

"सावकाश सांगा," तो म्हणाला. "मी कागद काढून घेणार नाही."

मी 'हो' म्हटलं. किती सेकंद लागले ते कुणीच मोजलं नाही. बाहेर बसलेला अठरा नंबर मात्र दोनदा खोकला.